पायात एकदा गुठळी होऊन गेली, आता दिवस गेले आहेत: रोजचं इंजेक्शन किती, केव्हापासून आणि कुठवर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय २९, वजन ६८ किलो. तीन वर्षांपूर्वी गणपतीत पाळी पुढे ढकलायला गोळ्या घेतल्या, गोळ्या चालू असतानाच डावा पाय मांडीपर्यंत सुजला, डॉपलरमध्ये (शिरांच्या सोनोग्राफीत) गुठळी निघाली, सहा महिने रिव्हारोक्सॅबान ही रक्त पातळ करणारी गोळी घेऊन उपचार संपले. आता सातवा आठवडा चालू आहे. पुण्यातल्या डॉक्टरांनी एनॉक्सापॅरिन (हेपरिनच्या जातीचं, रक्त गोठू न देणारं इंजेक्शन) ४० मिग्रॅ रोज एक असं सुरू केलंय, ते प्रसूतीनंतर सहा आठवड्यांपर्यंत चालेल म्हणाले. नात्यातले एक फिजिशियन म्हणतात डोस कमी आहे, दुप्पट हवा. सासूबाई म्हणतात रोज पोटात सुई टोचायची म्हणजे बाळाला त्रास, त्यापेक्षा अ‍ॅस्पिरिनची गोळी बरी. गेल्या आठवड्यातल्या रिपोर्टमध्ये प्रोटीन एस (रक्त गोठण्याला आवर घालणारं प्रथिन) कमी आणि एमटीएचएफआर (एका जनुकातला बदल) ‘पॉझिटिव्ह’ आलंय. आणि सातव्या महिन्यात माहेरी लातूरला जायचं ठरलंय.

आधी थेट उत्तर देते. डॉक्टरांनी जे सुरू केलंय ते बरोबर आहे. ४० मिग्रॅ तुम्हाला पुरेसं आहे. अ‍ॅस्पिरिन त्याची जागा घेऊ शकत नाही. प्रोटीन एसचा रिपोर्ट सध्या बाजूला ठेवा, एमटीएचएफआरचा कायमचा. माहेरी जायला हरकत नाही, पण माझी खरी काळजी तिथेच आहे. ४० की ८० यावर घरात, आणि आम्हा डॉक्टरांतही, जेवढा वाद होतो तेवढं त्याला महत्त्व नाही असं माझं मत झालंय. माझ्या पाहण्यात गुठळी परत आली ती बहुतेक वेळा इंजेक्शन बंद असलेल्या दिवसांत. सुरू व्हायलाच उशीर झाला, गाव बदलताना साठा संपला, सिझरसाठी थांबवलं ते पुन्हा लिहून द्यायचं राहिलं, किंवा ‘झालं की बाळंतपण, आता कशाला’ म्हणून घरीच सोडून दिलं. त्यामुळे डोसचं बोलेनच, पण जास्त बोलणार आहे ते या खंडांबद्दल.

एक खुलासा: तुमची फाईल मी पाहिलेली नाही. खाली लिहिलंय ते तुमच्या डॉक्टरांशी बोलायला उपयोगी पडावं म्हणून. यावरून औषध बदलू नका.

गरोदरपणात रक्त गोठण्याकडे झुकतं, आणि ते शरीर मुद्दाम करतं. प्रसूतीच्या वेळी वार सुटल्यावर रक्तस्राव आटोक्यात यावा म्हणून फायब्रिनोजेन आणि फॅक्टर आठ ही रक्त गोठवणारी प्रथिनं वाढतात, प्रोटीन एस घटतं आणि झालेली गुठळी विरघळवणारी यंत्रणा मंदावते. भरीला वाढत्या गर्भाशयाचा पोटातल्या मोठ्या शिरांवर दाब, म्हणून पायांतलं रक्त वर चढायला वेळ लागतो. सगळ्या गरोदर बायका धरल्या तर हजारात एक-दोघींनाच गुठळी होते. त्याच वयाच्या, गरोदर नसलेल्या बायकांच्या तुलनेत मात्र हे प्रमाण चार-पाच पट आहे. डावाच पाय का, असंही तुम्ही विचारलंय. ओटीपोटात उजव्या पायाकडे जाणारी धमनी डाव्या पायाच्या शिरेवरून जाते आणि तिला मागच्या मणक्यावर दाबते. त्यामुळे गरोदरपणातल्या पायाच्या गुठळ्यांपैकी दहातल्या आठ किंवा त्याहून जास्त डावीकडेच असतात, आणि बऱ्याचदा पोटरीत नसून वर मांडीत किंवा ओटीपोटात असतात.

ज्यांना आधी एकदा होऊन गेली आहे त्यांना औषधाविना गरोदरपण काढलं तर पुन्हा होण्याची शक्यता वेगवेगळ्या अभ्यासांत शंभरात दोनपासून दहापर्यंत दिसते. हा पट्टा एवढा रुंद का? कारण पहिली गुठळी कशामुळे झाली यावर पुढचं सगळं ठरतं.

तुमच्या बाबतीत हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. एखादीचा पाय मोडला, मोठं ऑपरेशन झालं, प्लास्टरमध्ये पडून असताना गुठळी झाली, तर ते कारण गेलं की धोकाही बराचसा जातो. कॅनडातल्या डॉक्टरांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, आधी एकदा गुठळी झालेल्या १२५ गरोदर बायकांना प्रसूतीपर्यंत हेपरिन न देता त्यांच्यावर नुसतं लक्ष ठेवलं होतं. त्यातल्या तिघींना गरोदरपणात पुन्हा गुठळी झाली. पण ज्यांची पहिली गुठळी तात्पुरत्या कारणाने झाली होती आणि ज्यांच्या रक्तात गोठण्याचा दोष नव्हता, अशा ४४ जणींत एकीलाही झाली नाही. म्हणून निव्वळ ऑपरेशननंतर गुठळी झालेल्यांना अमेरिकी रक्तविकारतज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वं गरोदरपणात इंजेक्शन सुचवत नाहीत, फक्त प्रसूतीनंतर सुचवतात. ब्रिटिश प्रसूतितज्ज्ञ २८व्या आठवड्यापासून द्या म्हणतात. दोन्ही बाजूंचे लोक शहाणे आहेत, पुरावा कमी आहे, एवढाच त्याचा अर्थ.

तुमची गोष्ट वेगळी. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांत बहुधा नॉरएथिस्टेरॉन असतं. ते प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं, म्हणून ‘निरुपद्रवी’ समजलं जातं. पण दिवसाला १० ते १५ मिग्रॅ घेतलं की त्यातला काही भाग शरीरात एथिनिल इस्ट्रॅडिऑलमध्ये बदलतो, म्हणजे गर्भनिरोधक गोळीतलंच इस्ट्रोजेन तयार होतं. गौरी-गणपती, सत्यनारायण, घरातलं लग्न, यांच्या आठवडाभर आधी मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय ही गोळी आणली जाते आणि पुढे कुणी विचारलं तर ‘काही औषध चालू नव्हतं’ असं सांगितलं जातं, कारण ती गोळी औषध वाटतच नाही. तुम्ही सांगितलंत म्हणून बरं झालं. कारण इस्ट्रोजेन चढलेलं असताना गुठळी झाली तर आम्ही ती ‘हार्मोनमुळे झालेली’ धरतो. गरोदरपणात तेच इस्ट्रोजेन कित्येक पटींनी चढलेलं असतं. म्हणून ‘कारण होतं, कारण गेलं’ हा हिशेब तुम्हाला लागू नाही. अशा बायकांना पहिल्या तीन महिन्यांपासूनच इंजेक्शन द्यावं, यावर मतभेद नाहीत. या गोळ्या तुम्ही पुन्हा कधीच घ्यायच्या नाहीत, आणि सख्ख्या बहिणीनेही डॉक्टरांना तुमची हकिकत सांगितल्याशिवाय घेऊ नयेत.

आता डोस. नात्यातल्या फिजिशियननी काढलेली शंका चुकीची नाही. ती बरीच वर्षं आम्हा सगळ्यांनाच होती. गरोदरपणात मूत्रपिंडं औषध लवकर बाहेर टाकतात, वजन वाढतं, मग ४० मिग्रॅ पुरतं का? याचं उत्तर शोधायला ‘हायलो’ नावाचा मोठा अभ्यास झाला आणि २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. नऊ देशांतल्या, आधी गुठळी झालेल्या १११० गरोदर बायका घेतल्या. निम्म्यांना ठरलेला कमी डोस, निम्म्यांना वजनाप्रमाणे वाढवलेला मधला डोस, दोन्ही प्रसूतीनंतर सहा आठवड्यांपर्यंत. कमी डोसच्या गटात शंभरातल्या तिघींना पुन्हा गुठळी झाली, मधल्या डोसच्या गटात दोघींना. हा फरक योगायोगानेही येऊ शकतो एवढा लहान आहे. गंभीर रक्तस्राव दोन्हीकडे शंभरात चौघींना. आकडे बारकाईने पाहिले तर गरोदरपणात दोन्ही गट अगदी सारखे होते. जो थोडा फरक दिसला तो प्रसूतीनंतरचा होता, पण त्यावरून ठाम काही सांगता येत नाही.

म्हणून तुमच्या वजनाला रोज ४० मिग्रॅ. ब्रिटिश कोष्टकातही ५० ते ९० किलोला हाच डोस आहे, त्याखाली २० आणि वर ९१ ते १३० किलोला ६०. कोष्टक सुरुवातीच्या वजनावर चालतं, नवव्या महिन्यातल्या नाही. दर महिन्याला रक्तातली ‘अँटी टेन-ए’ पातळी (औषधाचा असर किती ते दाखवणारी) तपासायला कुणी सांगितलं तर मूत्रपिंडं नीट असताना या डोसला तिची गरज नाही, ते पैसे वाचवा. हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची चाचणी) मात्र सुरुवातीला हवेत, पुढे डॉक्टर सांगतील तसे.

पूर्ण डोस, म्हणजे किलोमागे एक मिग्रॅ दिवसातून दोनदा, कुणाला लागतो? आयुष्यभर रक्त पातळ करणारं औषध चालू आहे अशांना, या गरोदरपणातच नवी गुठळी झालेल्यांना, अँटीथ्रॉम्बिन या गोठणं रोखणाऱ्या प्रथिनाची जन्मजात कमतरता असलेल्यांपैकी बहुतेकींना, आणि अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोममुळे (शरीराच्याच प्रतिपिंडांमुळे रक्त गोठण्याचा आजार) गुठळी झालेल्यांना. या शेवटच्या आजाराची तपासणी तुमची झाली आहे का, हे तुमच्या पत्रातून कळत नाही. ती डॉक्टरांना नक्की विचारा. ल्युपस अँटीकोअ‍ॅग्युलंट, अँटीकार्डिओलिपिन आणि अँटी-बीटा-टू ग्लायकोप्रोटीन, अशा तीन चाचण्या असतात. पॉझिटिव्ह आल्या तर किमान १२ आठवड्यांनी पुन्हा करून खात्री करावी लागते. हे निघालं तर डोसही बदलतो आणि जोडीला लहान अ‍ॅस्पिरिनही येते. तुमच्या सगळ्या रिपोर्टांमध्ये निर्णय बदलू शकणारा रिपोर्ट हाच, आणि नेमका तोच पुष्कळदा राहून जातो, कारण पॅकेजमध्ये एमटीएचएफआर छापलेलं असतं.

एमटीएचएफआरबद्दल इतकंच: तो बदल लाखो धडधाकट लोकांत असतो, त्यावरून गुठळीचा धोका ठरत नाही, कुठलंही जबाबदार मार्गदर्शक तत्त्व तो तपासा म्हणत नाही. फॉलिक अ‍ॅसिड तुम्ही घेतच आहात. प्रोटीन एस गरोदरपणाच्या सुरुवातीपासूनच उतरतं, हे वर आलंच. सहाव्या-सातव्या आठवड्यात काढलेल्या कमी आकड्यावरून ‘जन्मजात कमतरता’ असा शिक्का मारता येत नाही. बाळंतपणानंतर तीनेक महिन्यांनी, औषधं बंद झाल्यावर पुन्हा तपासा. तोवर तो कमी असो वा नसो, तुमचे उपचार तेच राहतात.

जाता जाता याच्या उलट बाजूबद्दल, कारण हे उत्तर वाचणाऱ्या इतर जणीही असतील. ‘रक्त घट्ट आहे’ असं सांगून गर्भपात टाळण्यासाठी हीच इंजेक्शनं आपल्याकडे सर्रास दिली जातात. आनुवंशिक थ्रॉम्बोफिलिया (रक्त गोठण्याकडे जन्मजात कल) आणि वारंवार गर्भपात असलेल्या बायकांवर झालेल्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅलाइफ-टू’ अभ्यासात इंजेक्शन घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या, दोन्हीकडे जिवंत बाळ होण्याचं प्रमाण जवळपास सारखंच, सत्तर टक्क्यांच्या थोडं वर निघालं. ज्यांना खरी गरज आहे त्यांना ‘एवढ्या सुया कशाला’ म्हणून थांबवायचं आणि ज्यांना गरज नाही त्यांना नऊ महिने टोचत राहायचं, असा उलटा कारभार चालतो.

सासूबाईंच्या काळजीचं उत्तर मात्र आदराने द्यायला हवं, कारण प्रश्न रास्त आहे. सुई कातडीखालच्या चरबीत जाते. गर्भाशय त्याच्या कितीतरी आत, स्नायूंच्या पलीकडे असतं. आणि औषधाचा रेणू इतका मोठा की तो वार ओलांडून बाळाकडे जातच नाही. उलट वॉर्फरिनची गोळी वार ओलांडते. सहाव्या ते बाराव्या आठवड्यात घेतली तर बाळाच्या नाकाच्या आणि हाडांच्या वाढीत दोष येऊ शकतो, पुढे बाळाला रक्तस्रावाचा धोका असतो. रिव्हारोक्सॅबान, अ‍ॅपिक्सॅबान यांसारख्या नव्या गोळ्याही गरोदरपणात नकोत. तुमच्या कपाटात मागच्या उरल्या असतील तर आजच काढून टाका. अ‍ॅस्पिरिन ही प्लेटलेटवर काम करते. गरोदरपणातलं रक्तदाबाचं दुखणं टाळायला ती उपयोगी आहे, त्यासाठी डॉक्टर देतीलही, पण शिरांतल्या गुठळीपासून राखायला ती अपुरी आहे. गोळी सोपी म्हणून ती निवडता येत नाही, एवढं सासूबाईंना समजावून सांगा. हवं तर पुढच्या भेटीला त्यांना सोबतच न्या.

अजून एक प्रश्न काही घरांत दबक्या आवाजात येतो, म्हणून उघडच सांगते. एनॉक्सापॅरिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून बनतं. ज्यांना धर्मामुळे किंवा शाकाहारामुळे अडचण वाटते त्यांनी विचारायला संकोचू नये. फोंडापॅरिनक्स हे पूर्ण कृत्रिम औषध आहे, पण ते थोड्या प्रमाणात वार ओलांडतं आणि गरोदरपणातला त्याचा अनुभव कमी आहे. म्हणून हेपरिन चालतच नाही अशांसाठी ते राखून ठेवतात.

सुई घ्यायची कशी, हे दवाखान्यात दोन मिनिटांत दाखवतात आणि घरी गेल्यावर निम्मं विसरायला होतं. ४० मिग्रॅची भरलेली सिरिंज येते, आत ०.४ मिली औषध आणि एक हवेचा बुडबुडा. तो बुडबुडा काढायचा नाही. काढायला गेलात तर औषधाचे थेंब बाहेर पडतात, आणि तो शेवटी आत गेला की सुईतलं औषध पूर्ण उतरतं. हात धुवा, टेकून बसा, बेंबीपासून किमान चार-पाच सेंटिमीटर लांब, पोटाच्या कडेची कातडी अंगठा आणि बोटात धरून घडी करा. सुई सरळ, उभी, पूर्ण आत. दांडा हळूहळू दाबा. सुई बाहेर येईपर्यंत घडी सोडू नका. नंतर कापूस नुसता दाबून धरा, चोळू नका. चोळलं की हातभर काळंनिळं होतं आणि मग घरातले घाबरतात. थोडं काळंनिळं तरीही होणारच, आज डावीकडे तर उद्या उजवीकडे घ्या. आठव्या महिन्यात पोट ताणलं की घडी येत नाही असं वाटतं. कडेला येते, नाही आली तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला घ्या. वेळ रोजची एकच ठेवा. एखाद्या दिवशी विसरलात तर त्याच दिवशी आठवल्याबरोबर घ्या, दुसऱ्या दिवशी दोन एकदम नको. वापरलेल्या सिरिंज जाड प्लास्टिकच्या बरणीत साठवा आणि दवाखान्यात परत द्या, कचरा उचलणाऱ्या बाईच्या हाताला लागायला नको. औषध गोठू द्यायचं नाही. लातूरच्या उन्हाळ्यात मात्र गाडीच्या डिकीत, बंद खोलीत किंवा पत्र्याखाली पडून राहणार नाही हे पाहा.

खर्चाचा प्रश्न मोठा आहे. सुमारे २४०-२५० इंजेक्शनं गरोदरपणात आणि ४२ त्यानंतर. एनॉक्सापॅरिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, त्यामुळे किमतीला कमाल मर्यादा आहे, तरी कंपनीगणिक फरक पडतो. जनऔषधी केंद्रात आणि होलसेल मेडिकलमध्ये चौकशी करा. पैशांमुळे ‘दिवसाआड घेते’ असं करू नका. तशी वेळ आली तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, सरकारी रुग्णालयातून सोय होऊ शकते.

आता खंडांकडे येते. पहिला धोक्याचा टप्पा तुम्ही पार केलाय, कारण सातव्या आठवड्याच्या आत औषध सुरू झालं. ज्या जणी अजून बाळाचा विचार करताहेत त्यांनी ध्यानात ठेवावं: पाळी चुकली की लगेच चाचणी, चाचणी आली की त्याच आठवड्यात इंजेक्शन. ‘सोनोग्राफीत ठोके दिसू देत, मग बघू’ असं म्हणू नका. पहिल्या तीन महिन्यांतही गुठळ्या होतात. फार उलट्या होऊन पाणी टिकत नसेल, सलाईन लावावं लागत असेल, तर धोका आणखी वाढतो. आणि कुणी ‘बेड रेस्ट’ सांगितली तर कारण विचारा. वार खाली आहे, थोडं रक्त दिसलं, आयव्हीएफ झालंय, अशा कारणांवरून बायकांना महिनोन् महिने पलंगावर निजवतात. त्याने गर्भ टिकतो असं सिद्ध झालेलं नाही, पायातलं रक्त साचतं हे नक्की आहे.

दुसरा टप्पा माहेरचा. सातव्या महिन्यात मुलगी माहेरी जाते तेव्हा तिच्याबरोबर साड्या जातात, लोणची जातात, फाईल मात्र पुण्यातच राहते. नवे डॉक्टर नव्याने सुरुवात करतात. ‘एवढ्या दिवसांपूर्वीची गुठळी ना, आता थांबवू, सिझरच्या वेळी रक्तस्राव नको’ असं होऊ शकतं. म्हणून तुमच्या डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्या: गुठळी कधी, कुठल्या शिरेत, कोणती गोळी चालू असताना, औषधाचं नाव, डोस, रोजची वेळ, सुरू केल्याची तारीख, वजन, प्लेटलेट, क्रिएटिनिन, प्रसूतीच्या वेळी काय करायचं, आणि इंजेक्शन कोणत्या तारखेला संपेल. मोबाईलमध्ये फोटो ठेवा, पण कागदही ठेवा. डोहाळजेवणाला लातूरला जाल तेव्हाच तिथल्या डॉक्टरांना एकदा भेटून हा कागद दाखवा. दवाखाना निवडताना भूलतज्ज्ञ रात्रीही येतात का, रक्तपेढी किती लांब, डॉपलर होतो का, हे विचारा. सहा-सात तासांच्या प्रवासात दर दीड-दोन तासांनी उतरून चालायचं, पाणी भरपूर प्यायचं, त्या दिवशीची सुई चुकवायची नाही, आणि महिन्याभराचा साठा बरोबर घ्यायचा.

तिसरा टप्पा कळांचा. कमी डोसवर असलेल्या बाईला केवळ इंजेक्शन चालू आहे म्हणून सिझर लागत नाही. नॉर्मल प्रसूती होऊ शकते, व्हावी, कारण सिझरने गुठळीचा धोका वाढतोच. नियम सोपा: कळा सुरू झाल्या, पाणी गेलं किंवा रक्त दिसलं की पुढची सुई घ्यायची नाही आणि दवाखाना गाठायचा. शेवटची सुई किती वाजता घेतली ते सांगायचं, कारण पाठीतून भूल द्यायला या डोसनंतर १२ तास जावे लागतात, पूर्ण डोसवर असाल तर २४. भूलतज्ज्ञांना आठव्या महिन्यातच भेटून ठेवलं तर ऐन वेळी गोंधळ होत नाही. नॉर्मल प्रसूतीनंतर रक्तस्राव आटोक्यात असेल तर सहा ते बारा तासांत सुई पुन्हा सुरू होते, सिझरनंतर थोडी उशिरा. पाठीत नळी ठेवली असेल तर ती काढल्यावर किमान चार तास थांबतात. घरच्या एकाने, तुमच्या यजमानांनी किंवा आईने, एवढंच काम अंगावर घ्यावं: ‘सुई परत कधी सुरू?’ हा प्रश्न त्याच दिवशी विचारायचा. डिस्चार्ज कार्डावर ती लिहिलेली नसेल तर दवाखान्यातून हलायचं नाही.

चौथा टप्पा सगळ्यात मोठा. दिवसागणिक हिशेब केला तर सगळ्यात जास्त धोका प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांत असतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना खाटेवरून उठू देत नाहीत. शेकशेगडी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू यांबद्दल माझं काही म्हणणं नाही, खुशाल खा. पण ‘पाणी कमी प्यावं, नाहीतर पोट सुटतं’ हे ऐकू नका. कमी पाणी आणि आडवं पडून राहणं, गुठळीला याहून सोयीचं काही नाही. आपल्या देशात बाळंतिणींच्या मेंदूतल्या शिरांत होणाऱ्या गुठळ्या न्यूरॉलॉजिस्ट लोकांच्या चांगल्या ओळखीच्या आहेत, आणि अंगातलं पाणी कमी होणं हे त्यामागच्या कारणांपैकी एक मानलं जातं. नॉर्मल झालं तर त्याच दिवशी, सिझर झालं तर दुसऱ्या दिवशी तरी उठून चालायचं, घरी आल्यावर दिवसातून अनेकदा घरातल्या घरात फिरायचं. अंगावर पाजताना एनॉक्सापॅरिन चालतं, वॉर्फरिनही चालतं. रिव्हारोक्सॅबान चालत नाही, म्हणून ‘आता बाळ बाहेर आलंय, जुनी गोळी घेते’ असं नको. डावा पाय अजून संध्याकाळी सुजत असेल तर गुडघ्यापर्यंतचे मापाचे घट्ट मोजे वापरा, इंजेक्शनला पर्याय म्हणून नव्हे.

आता ओळखायचं कसं, कारण औषध घेऊनही शंभरात दोघी-तिघींना होतेच. तुमच्या बाबतीत अडचण ही की डाव्या पायात जुनी सूज थोडी उरलेली असू शकते आणि डॉपलरमध्ये जुन्या गुठळीची खूणही. म्हणून आत्ताच, काही त्रास नसताना, एक डॉपलर करून ठेवा. पुढे शंका आली तर जुनं कुठलं, नवं कुठलं, हे तुलनेने कळतं. आणि घरी शिंप्याची टेप घेऊन दोन्ही पोटऱ्यांचा घेर एकाच उंचीवर मोजून कॅलेंडरवर लिहा. पायांना सूज गरोदरपणात सगळ्यांनाच येते, पण ती दोन्हीकडे सारखी असते. एका बाजूचा घेर नेहमीपेक्षा दोन सेंटिमीटर वाढला, मांडी जड झाली, जांघेत, कुल्ल्यात किंवा डाव्या बाजूला कमरेत नवीन दुखणं सुरू झालं, तर त्याच दिवशी दाखवा. पोटरी अगदी नॉर्मल असतानाही ओटीपोटातली गुठळी असू शकते. डी-डायमर (गुठळीची शंका आली की करतात ती रक्तचाचणी) गरोदरपणात एरवीही वाढलेलंच असतं, निव्वळ त्याच्यावर कुणी निदान करू नये.

अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त आलं, चक्कर येऊन पडलात, तर वाट न पाहता १०८ला फोन करा. प्रसूतीनंतर न थांबणारी डोकेदुखी, धूसर दिसणं, फिट येणं, हातापायात कमजोरी, हेही तितकंच तातडीचं. ‘झोप नाही झाली म्हणून डोकं दुखतंय’ असं बाळंतिणीच्या बाबतीत म्हणणं सोपं असतं. छातीच्या सीटी स्कॅनला रेडिएशनच्या भीतीने नकार देऊ नका. बाळापर्यंत पोचणारं प्रमाण फार कमी असतं, आणि फुप्फुसातली गुठळी न शोधणं आईच्या जिवावर बेततं.

सहा आठवड्यांची भेट चुकवू नका. त्या दिवशी सुया थांबतील, आणि त्याच दिवशी पुढच्या गर्भनिरोधकाचं ठरवा. इस्ट्रोजेन असलेली कुठलीही गोळी तुम्हाला चालणार नाही, त्यात सरकारी केंद्रात मिळणारी माला-एनही आली. तांबी निर्धोक आहे, प्रसूतीनंतर लगेचही बसवता येते. ‘अंतरा’ इंजेक्शन किंवा ‘छाया’ गोळी कुणी सुचवली तर आधी गुठळीचं सांगा आणि मग ठरवा. प्रोटीन एसची फेरतपासणी त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी, सुया पूर्ण बंद झालेल्या असताना करून घ्या.